आमच्या पाळकानं शपथ घेतली नाही, त्याची हकीकत

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी,

धाकट्या बहिणीचा सप्रेम सलाम पोचावा. आपला गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का, की गेल्यासारखा करून परत आला? डॉक्टरांनी आपल्याला जिना चढायला मनाई केली आहे आणि आपली पुस्तकं माळ्यावर आहेत, तेव्हा आपण जिना चढत असणार हे मी इथे बसल्या बसल्या सांगते. इकडील सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे, पण हल्ली आमच्या चर्चच्या मंडळीत नुसती पद्धत म्हणून काही बोलायची किंवा लिहायची सोय उरलेली नाही (का, ते पुढे येईलच). म्हणून खरं तेच कळवते. माझी मान आखडली आहे, शिलाई मशीनचा पट्टा तुटून सुतळीनं बांधला आहे, आणि आपल्या भाचीच्या लग्नाचा जो काही घोळ झाला त्याला सर्वस्वी आपण जबाबदार आहात. आता हे 'आपण' मी इथेच थांबवते. आदर मनात आहेच, पण त्याला धरून नीट भांडता येत नाही.

दादा, तू काय शिकवलंस रे त्या मुलाला? आमचे जुने पाळक डोळ्यांनी अधू होऊन निवृत्त झाले, मंडळीला नवा माणूस हवा होता, आणि तू तुझ्या धर्मशास्त्राच्या कॉलेजातला सगळ्यात हुशार विद्यार्थी म्हणून हा उमेदवार पाठवून दिलास. सोबत चार ओळींची शिफारस, की मुलगा सालस आहे, अभ्यासू आहे आणि खरं बोलतो. पहिल्या दोन गोष्टी वाचून आम्हाला आनंद झाला. तिसरी धोक्याची सूचना होती हे आम्हा भोळ्या लोकांच्या लक्षात आलं नाही. पाळकांचं घर दीक्षाविधी झाल्याशिवाय मिळत नाही, म्हणून तोवर त्याला माझ्या दुकानावरच्या खोलीत ठेवला. थोड्या दिवसांनी तो जाकीट घेऊन खाली आला, एक बटण नव्हतं. मी लावून दिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच जाकीट, दुसरं बटण गायब. मी म्हटलं, अहो, बटणं खाता की काय तुम्ही? दुसरा कुणी असता तर दोऱ्याला दोष देऊन मोकळा झाला असता. हा म्हणाला, बटण मीच तोडलं, तुमची मुलगी कामावरून परत यायच्या वेळेला खाली यायला काहीतरी कारण हवं होतं. माझ्या हातातली सुई तशीच राहिली. माझी धाकटी लेक दारात उभी होती, ती कानापर्यंत लाल झाली. असा खरं बोलणारा जावई मिळणार म्हणून मी त्या दिवशी देवाचे आभार मानले (घाई केली).

लग्न ठरलं. दीक्षाविधी झाला की घर मिळणार, घर मिळालं की त्याच आठवड्यात लग्न. पाळकाचं घर आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणजे लेक जाणार तरी माझ्या खिडकीतून तिच्या घरचा दिवा दिसणार. हे गेल्यापासून माझ्या घरात आम्ही दोघीच, त्यामुळे त्या दिव्याचा मला किती आधार वाटला ते तुला सांगायला नको. दुकानात एका स्टँडवर त्याचा काळा झगा आणि दुसऱ्या स्टँडवर तिचा पांढरा पोशाख, दोन्ही माझ्या हातचे, शेजारी शेजारी उभे. गिऱ्हाइकं आधी त्यांना सलाम करायची आणि मग मला. आणि इतकं सगळं जुळून आल्यावर तुझा हा सालस उमेदवार एके संध्याकाळी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे मास्तरांकडे गेला आणि म्हणाला, की मी दीक्षा घेईन, पण शपथ घेणार नाही.

आमच्याकडची रीत तुला ठाऊक आहे. उमेदवारानं मोठ्या पवित्र शास्त्रावर हात ठेवायचा, वडीलमंडळानं त्याच्या खांद्यांवर हात ठेवायचे, आणि त्यानं देवाचं नाव घेऊन जन्मभराची शपथ वाहायची. आमच्या आजच्या वडीलमंडळानं पाहिलेल्या प्रत्येक पाळकानं ती वाहिली आहे. (एकानं वाहून पुढच्याच वर्षी विमा कंपनीत नोकरी धरली, पण वाहिली होती.) मास्तरांना वाटलं मुलगा घाबरला असेल. त्यांनी समजूत घातली की काही कठीण नसतं, मी एक ओळ सांगतो ती तुम्ही म्हणायची. तर हा म्हणतो, ओळ पाठ आहे, पण गुरूनं, म्हणजे खुद्द प्रभूनं, डोंगरावर बसून स्वच्छ सांगितलं आहे की शपथ मुळीच वाहायची नाही, आकाशाची नाही, पृथ्वीची नाही, स्वतःच्या डोक्याचीही नाही. होय असेल तर होय म्हणा, नाही असेल तर नाही, त्यापलीकडे जे काही ते वाईटातून येतं. मग हेच मंडळीला शिकवायला जो उभा राहणार त्यानं पहिल्याच दिवशी ते मोडून सुरुवात कशी करायची? मास्तरांना उत्तर सुचलं नाही. आयुष्यभर त्यांनीच प्रश्न विचारलेले, उत्तरं देण्याची सवय कुठली? ते म्हणाले, तुम्ही हे येत्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर मांडा. त्यांचा अंदाज असा की मंडळी चिडेल आणि काम परस्पर होईल.

मंडळी चिडली असती तर बरं झालं असतं. मंडळीला पटलं. तो बोललाही छान, खोटं कशाला सांगू. म्हणाला, ज्याच्या साध्या बोलण्यावर विश्वास नाही त्यालाच शपथेचा टेकू लागतो, आणि आपलं प्रत्येक 'हो' शपथेइतकंच वजनदार असायला हवं. शेवटच्या बाकावरचे लोकसुद्धा जागे होते. आता आमचे लोक कसे आहेत ते तुला माहीत आहे. एखादी गोष्ट पटेपर्यंत दगड, आणि पटली की मग तिचा जीव जाईपर्यंत सोडायची नाही. त्यांनी घरी जाऊन विचार केला की 'हो' म्हणजे जर शपथच, तर मग ते तोंडातून काढायचंच कशाला? सोमवारी सकाळपासून आमच्या मंडळीतून 'हो' हा शब्द नाहीसा झाला.

तुला गंमत वाटेल, पण इथे राहून बघ. बेकरीवाले (हेही वडीलमंडळात आहेत) माझ्याकडे पँट आखूड करायला आले. मी विचारलं, चहा घेणार का? ते विचारात पडले. म्हणाले, आत्ता घ्यावासा वाटतोय, पण येईपर्यंत वाटेल की नाही ते कसं सांगू? चहा आला, त्यांच्यासमोर निवला, आणि ते त्याच्याकडे बघत बसले. त्यांच्या दुकानात जाऊन पाव ताजा आहे का विचारलं तर म्हणतात, सकाळच्या मानाने नाही. त्यांची बायको गायकवृंदात पहिल्या रांगेत उभी राहते. तिनं इतक्या वर्षांनी नवऱ्याला विचारलं, की माझा आवाज तुम्हाला खरंच आवडतो का. बिचारे सध्या पिठाच्या कोठारात झोपतात.

आणि माझं काय झालं विचार. अरे, शिवणकामाचा धंदा चालतोच मुळी 'हो'वर. गिऱ्हाईक विचारतं, शनिवारी मिळेल ना? आपण म्हणतो, हो. मिळणार नाही हे त्यालाही माहीत असतं, मलाही माहीत असतं, आणि शनिवारी तो येतो तेव्हा आम्ही दोघंही आश्चर्य दाखवतो. यात कुणाचं काही बिघडत नाही. पण त्या प्रवचनानंतर पहिलंच गिऱ्हाईक आलं, शाळेतल्या बाई, कोटासाठी. शनिवारी मिळेल ना? माझ्या ओठांवर आलेलं 'हो' तिथेच अडकलं. मी म्हटलं, नाही. मग पुढच्या शनिवारी? नाही. मग कधी? मी म्हटलं, बाई, कापड अजून कापलेलंच नाही, आणि खरं सांगायचं तर ते कुठे ठेवलंय तेही आता आठवत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांना फसवलं. इतकी वर्षं थापा मारल्या तेव्हा कधी असं पाहिलं नव्हतं. तशाच उठून समोरच्या टेलरकडे गेल्या. तो आपल्या मंडळीतला नाही, त्यानं खुशाल हो म्हटलं.

धाकटीची तर आणखी तऱ्हा. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, म्हणजे दिवसभराचं तिचं काम काय, तर खुर्चीतल्या माणसाचा हात धरून सांगायचं की नाही दुखणार. आता पेशंट विचारतो, दुखेल का? ही म्हणते, बऱ्यापैकी. पेशंट उठतो, गळ्यातला रुमाल काढतो आणि दाढ घेऊन घरी जातो. दाताच्या डॉक्टरांनी मला रस्त्यात गाठून विचारलं, की बाई, हे तुमचं धर्माचं प्रकरण आटपणार कधी? मी म्हटलं, सांगता येत नाही. तेवढंच खरं होतं.

मग वडीलमंडळाची सभा बसली. मी वडीलमंडळात नाही, पण सभेच्या खोलीचे पडदे मी शिवते आणि ते नेमके त्याच वेळी लावायचे निघाले (हा योगायोग मी जुळवून आणला). मी स्टुलावर चढून कड्या ओवत होते आणि खाली शास्त्रार्थ चालला होता. शपथेच्या बाजूनं सगळ्यात जोरात कोण, तर आमचे घड्याळजी. घड्याळं दुरुस्त करतात, विधुर आहेत, तासाला शंभर शब्दसुद्धा बोलत नाहीत, पण त्या दिवशी काय संचारलं होतं कोण जाणे. स्टूल डगमगत होतं म्हणून एका हातानं ते धरून उभे होते आणि दुसऱ्या हातानं शास्त्राची पानं उलटत होते. म्हणाले, देवानं स्वतः अब्राहामाला शपथ वाहून वचन दिलं. याकोबानं दगड उशाला घेऊन नवस केला, हन्नेनं मुलासाठी केला. खुद्द पौलानं नवस फेडायला डोकं भादरून घेतलं, आणि तो काही लहानसहान माणूस नव्हता. माणूस घड्याळासारखा आहे, आपला आपण चालतो पण मागे पडत जातो, शपथ म्हणजे त्याला दाखवायची बरोबर वेळ. उमेदवार म्हणाला, शपथ घेतल्याशिवाय बरोबर वेळ सांगत नाही असं घड्याळ तुम्ही घ्याल का? घड्याळजी पानं आणखी जोरात उलटायला लागले. मला त्यांची दया आली आणि मी वरून म्हटलं, पण जावईबापू, घड्याळाला किल्ली द्यावीच लागते. यावर मास्तरांनी पडद्यांना मतदानाचा हक्क नाही अशी समज दिली.

उमेदवाराकडेही दारूगोळा कमी नव्हता (सगळा तुझ्याच कोठारातला, मी ओळखला). म्हणाला, इफ्ताह सेनापतीनं नवस केला की जिंकून आलो तर दारातून पहिलं जे बाहेर येईल ते देवाला अर्पण, आणि बाहेर आली एकुलती एक मुलगी. नवस करणाऱ्याला आपण काय बोलतोय हे कळत नसतं. गुरूला पकडून नेल्यावर, त्याला मी ओळखतही नाही, हे शपथेवर कुणी सांगितलं? पुढे जो मंडळीचा पहिला पुढारी झाला त्या शिष्यानंच. म्हणजे शपथेनं त्याला खरं बोलायला लावलं नाही, उलट थाप पक्की करून दिली. पाळक कसा असावा याचं शास्त्रात एवढं वर्णन आहे, एकच बायको असलेला, न पिणारा, घर नीट चालवणारा, पण शपथ घेतलेला असावा असं त्यात कुठे आहे? बेकरीवाले म्हणाले, त्यात अंघोळ केलेला असावा असंही नाही. मास्तरांनी विचारलं, स्वतःच्या डोक्याची शपथ का नको? उमेदवार म्हणाला, कारण एक केस काळा की पांढरा करणंही आपल्या हातात नाही, असं गुरूनंच म्हटलंय. सगळ्यांनी मास्तरांच्या डोक्याकडे पाहिलं. मास्तरांचे केस शाळेतून निवृत्त झाल्यापासून बुटाच्या पॉलिशसारखे काळे आहेत. तो मुद्दा पुढे कुणी काढला नाही.

शेवटी मत घ्यायची वेळ आली आणि सगळाच बोऱ्या वाजला. मास्तर म्हणाले, शपथेशिवाय दीक्षा द्यावी असं वाटणाऱ्यांनी होय म्हणावं. कुणीच म्हणालं नाही. बरं, देऊ नये असं वाटणाऱ्यांनी नाही म्हणावं. तेही कुणी म्हणालं नाही, कारण 'नाही' तरी कुठे कमी बंधनकारक आहे? बेकरीवाले नुसते 'हं' म्हणाले. मग ते 'हं' कोणत्या बाजूला धरायचं यावर चर्चा झाली आणि तीत माझे सगळे पडदे लावून झाले. ठराव पास नाही, नापास नाही. दीक्षाविधीचा रविवार ठरलेला, तो घ्यायला वरिष्ठ पाळक गाडीनं येणार, आणि विधी होणार की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. तो झाला नाही तर मुलाला दुसरीकडे कुठेतरी, फार लांब, काम शोधावं लागणार, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी येऊन मी धाकटीला विचारलं, काय गं, तो लांब गेला तर तू जाशील ना त्याच्याबरोबर? मला वाटलं, उडी मारून हो म्हणेल. ती म्हणाली, विचार करते. पांढऱ्या पोशाखाची फक्त कॉलर राहिली होती रे! मी चिडले, म्हटलं, मुलगा आवडत नाही का? तर म्हणते, आवडतो, पण तो ज्याला हो म्हणतो ते पाळतो, मग मीही तसंच म्हणायला हवं. आणि मग तिनंच मला विचारलं, आई, मी लांब गेले तर तुला एकटीला करमेल का? खरं सांग. दादा, एरवी मी डोळ्याची पापणी न लववता हो म्हटलं असतं. आईच्या तोंडची ती थाप तर प्रत्येक घरात लागते. पण त्या मुलानं आमच्या घरात खोटं बोलण्याची सोयच ठेवली नव्हती. मी म्हटलं, बघू. ती उठून भांडी घासायला लागली, आणि मी कॉलर हातात घेऊन बसले, पण दोरा काही ओवता येईना. तुला म्हणून सांगते, फार रडले.

रविवार उजाडला. वरिष्ठ पाळक आले ते हातात बॅग आणि डोळा घड्याळावर, कारण परतीची गाडी लगेचची. त्यांना आमच्या भानगडीतलं काही सांगितलंच नव्हतं. (सांगायचं ठरलं होतं, पण 'मी सांगतो, हो' असं म्हणायला कुणी तयार होईना.) गाणं झालं, प्रार्थना झाली, उमेदवार माझा काळा झगा घालून पुढे उभा राहिला. खांद्यावर झगा असा बसला होता की एवढ्या काळजीतही मला बरं वाटलं. वरिष्ठांनी शास्त्र पुढे केलं आणि शपथेची पहिली ओळ सांगितली. उमेदवार गप्प. त्यांना वाटलं ऐकू गेलं नाही, त्यांनी पुन्हा सांगितली. तो अदबीनं म्हणाला की शपथ घेणार नाही, क्षमा करा. वरिष्ठांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी छताकडे. धाकटी माझ्या शेजारी बसली होती, तिनं माझा हात असा दाबला की अंगठी रुतली.

आणि घड्याळजी उठले. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता शेवटचा खिळा ठोकणार. ते म्हणाले, वरिष्ठांची परवानगी असो वा नसो, मला बोलायचंय. मी घरी जाऊन सगळं शास्त्र परत चाळलं. ज्यानं शपथेवर खोटं सांगितलं होतं, त्याच माणसाच्या हाती पुढे तळ्याकाठी गुरूनं आपली मेंढरं, म्हणजे मंडळी, सोपवली, तेव्हा त्याच्याकडून शपथ घेतलेली दिसत नाही. फक्त विचारलं, माझ्यावर प्रेम आहे का. तो होय म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, वाईट वाटेपर्यंत विचारलं. म्हणजे शपथ नसली तर नसो, पण प्रश्न आहेत. आम्हाला प्रश्न विचारू द्या. आणि परवानगीची वाट न बघता त्यांनी विचारलं, आजाऱ्याकडे बोलावल्याशिवाय जाल का? उमेदवार म्हणाला, होय.

मग काय विचारतोस, बांध फुटला. बेकरीवाल्यांनी विचारलं, नवरा-बायकोच्या भांडणात पडाल का? म्हणाला, बोलावलंत तर होय, पण नवऱ्याच्या बाजूनं पडेनच असं नाही. (बायको पहिल्या रांगेतून हसली. इतक्या दिवसांत प्रथमच.) एका आजीबाईंनी विचारलं, मोठ्यानं बोलाल का, ऐकू येत नाही. होय. शाळेतल्या बाईंनी विचारलं, प्रवचन लहान कराल का? तो जरा थांबला आणि म्हणाला, नाही. हे ऐकून सगळी मंडळी पोट धरून हसली, आणि दादा, मला वाटतं काम तिथेच झालं. जो इतक्या लोकांसमोर, पोटावर बेतलेलं असताना, तोंडावर 'नाही' म्हणू शकतो त्याचं 'होय' खोटं कसं असेल? मास्तरांनी विचारलं की वडीलमंडळाचं ऐकाल का. ऐकून घेईन, होय. मानेनच का, नाही. मास्तर कपाळाला हात लावून खाली बसले. शेवटी पुन्हा घड्याळजी. त्यांनी अगदी हळू विचारलं, आणि एखाद्या दिवशी तुमचा स्वतःचाच विश्वास डळमळला, तर ते आम्हाला सांगाल का? मुलाचा चेहरा उतरला. तो झग्याची बाही चिमटीत धरून उभा राहिला. मग म्हणाला, होय. घड्याळजी म्हणाले, शपथेत हे कधीच नव्हतं, मला पुरे आहे, आणि पुढे होऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पाठोपाठ सगळ्या वडीलमंडळानं ठेवले. वरिष्ठ काही म्हणणार होते, पण गाडीची वेळ झाली होती, म्हणून त्यांनीही ठेवला.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. धाकटी उभी! म्हणते, मी यांच्याशी लग्न करीन, हा प्रश्न नाही, पण सगळे बोलताहेत म्हणून सांगून टाकते. वरिष्ठ म्हणाले की हे विधीत बसत नाही. नव्या पाळकांनी विधीकडे लक्ष दिलं नाही.

तर अशी हकीकत आहे. लग्न येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, आणि ते लावायला तू यायचंस. तूच शिकवलंस, तूच निस्तर. वरिष्ठांचं तुला रागाचं पत्र येईल, त्यांना काहीतरी शास्त्रोक्त लिहून शांत कर. वहिनींना खोकल्यासकट घेऊन ये, त्यांचा पोशाख मी इथे शिवते. शनिवारच्या आत मिळेल का असं मात्र विचारू नकोस.

तुझी धाकटी बहीण

ता. क. — आता ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते लिहिते. वहिनींना वाचून दाखवत असशील तर इथे थांब. धाकटीला मी 'बघू' म्हटलं त्याच दिवशी, कॉलर हातात घेऊन रडताना, मी एक नवस केला. इफ्ताहाची गोष्ट तासाभरापूर्वी ऐकली होती तरी केला. म्हटलं, देवा, एवढं सुरळीत होऊ दे, मग विधीनंतर चर्चच्या पायरीवर मला जो कुणी पहिला प्रश्न विचारील त्याला मी खरं हो म्हणेन आणि ते पाळीन. माझा हिशोब सरळ होता. शाळेतल्या बाई कोटाचं विचारणार. मी एक शनिवार राखूनही ठेवला होता, आणि त्या टेलरकडे गेल्या तरी माझ्याकडेच राहिलेलं त्यांचं कापडही सापडलं होतं. पण पायरीवर बाईंच्या आधी घड्याळजी उभे. टोपी हातात, म्हणाले, एक विचारू का? मी म्हटलं, हो. तर म्हणाले, लेक गेल्यावर तुम्ही एकट्या, मी तर केव्हापासून एकटा, या वयात माझ्याशी लग्न कराल का? दादा, मी हो म्हटलं. आता शास्त्रात असं आहे की बाईनं नवस केला आणि बापानं ऐकल्या दिवशीच मोडला तर तो मोडतो. नवराही मोडू शकतो. विधवेचा मात्र कायम राहतो. पण बाबांच्या मागे तू बाबांच्या जागी आहेस, हे तू स्वतः सगळ्यांसमोर म्हणाला होतास. तेव्हा पत्र वाचल्या दिवशीच, त्याच दिवशी, नवस मोडला असं लिहून पाठव. या वयात लोक काय म्हणतील?

ता. क. पुन्हा — पाकीट चिकटवायच्या आत घड्याळजी दुकानात आले. मी त्यांना नवसाचं सगळं सांगून टाकलं, कारण हल्ली लपवता येत नाही. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, नवसापोटी आलेलं हो मला नको. (हे जन्मभर शपथेची बाजू लढवणारा माणूस म्हणतोय.) मग खुर्चीत बसून माझ्या कात्रीकडे बघत राहिले आणि एकदम म्हणाले, पण पहिला प्रश्न तो नव्हताच, पहिला प्रश्न होता 'एक विचारू का', त्याला तुम्ही हो म्हणालात, नवस तिथेच फिटला. पुढचं सगळं नवसाच्या बाहेरचं, तुम्ही मोकळ्या आहात. मग त्यांनी उभं राहून पुन्हा तेच विचारलं, आणि मी पुन्हा हो म्हटलं. शास्त्रावर हात नव्हता, देवाचं नाव घेतलं नव्हतं, नवस तर फिटलेलाच होता. तेव्हा वरचा मजकूर रद्द समज. लग्नं दोन लावायची आहेत, तयारीनं ये. पाकीट चिकटवायच्या आधी मीही सगळं शास्त्र चाळून बघितलं आहे. बाईचा नवस मोडायला बापाला आणि नवऱ्याला सवड दिली आहे, पण तिचं साधं हो मोडायची सोय मला कुठेच सापडली नाही. तुला सापडली, तर कृपा करून कळवू नकोस.